खाडी गोठेपर्यंत

व्होर्म्सी बेट,
६ फेब्रुवारी १९९६

ती. मेरिकेताईस,
इंद्रेकचा सा. न. वि. वि.

बाबांच्या खुब्याचं दुखणं उतारावर आहे, जीभ मात्र पहिल्यापेक्षा ठणठणीत. गोठ्याच्या दारात बर्फावर घसरले ते स्वतः, पण राख का टाकली नाहीस म्हणून शिव्या मला! त्यांना दिवसातून चार वेळा उचलून बसवायचं, मेंढ्यांचं बघायचं, लाकडं फोडायची, आणि उजाडलं की त्यांच्या जागी एंडेलकाकांबरोबर गोठलेल्या खाडीवर जायचं. गिरमिटाने भोकं पाडून बर्फाची जाडी मोजायची आणि मोटारींच्या बर्फावरच्या रस्त्याच्या खुणेसाठी झुडपांच्या फांद्या रोवत पुढे सरकायचं. एंडेलकाका म्हणतात, कॉलेज अर्धवट सोडलंस, भोक तरी आरपार पाड.

फेरीबोट तीन आठवड्यांपासून बंद आहे. बोटीला बर्फ जास्त आणि मोटारीला कमी, असे हे मधले दिवस. टपाल आणि आजारी माणूस तेवढं सीमारक्षकांचं हेलिकॉप्टर नेतं. मी वैमानिकाला म्हटलं, मीही आजारीच आहे. तो म्हणाला, दिसतंय, पण ह्यावर टालिनमध्ये औषध नाही.

लीलो अठराला, रविवारी, नोकरीसाठी स्वीडनला चालली आहे, दोन वर्षं. मी प्राध्यापकांशी भांडून कॉलेज सोडलं तेव्हा ती जी रुसली ती रुसलीच. एकाही पत्राला उत्तर नाही. बाबांना टाकून मला निघता येत नाही. इथे दुसरे उचलणारे हात नाहीत. तू तिला घेऊन ये ना, ताई! सगळीकडे बावीस सेंटिमीटर भरलं की रस्ता उघडतो. फक्त बोटीच्या जुन्या वाटेवर, जिथला बर्फ तिने फोडून ठेवला होता, तिथे सतरा आहे. आकडा लिहिणारा मीच. खरं सांगतो, एकेकदा वाटतं, बावीस लिहावं आणि मोकळं व्हावं. पाच सेंटिमीटरनी काय आभाळ कोसळणार आहे?

पोरांना पापा. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा,
इंद्रेक


टालिन,
१० फेब्रुवारी १९९६

चि. इंद्रेकला,
मेरिकेचे अ. उ. आ.

तुझं पत्र शिवणकारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत वाचलं. यांचं बांधकाम फिनलंडात, माझी पाळी पहाटेची, कादीचा कान दुखतोय, मार्तने एक बूट हरवलाय. छपरांवरून बर्फाचे सुळे पडतात म्हणून पोरांना भिंतीपासून लांब चालवते, तर तिथे ट्राम अंगावर येते. त्यात तुझं प्रेम.

लीलो गुरुवारी आली होती. कोट न काढता बसली आणि बटाट्यांच्या दोन थाळ्या संपवल्या. तुझं नाव तिने काढलं नाही, मीही नाही. शेवटी जिन्यात म्हणाली की इंद्रेकसाठी ती पाऊलही उचलणार नाही, पण म्हातारे बाबा पडलेत, त्यांना बघून यायला हवं. मी म्हटलं, हो बाई, बाबांनाच.

तेव्हा शनिवारी रस्ता उघडला तर गाडीत ती पुढे आणि पोरं मागे, असे आम्ही चौघं येऊ. बर्फावर पट्टा बांधायचा नाही, गाडी बुडायला लागली तर दार ढकलून बाहेर पडायचं, हे दोघांकडून घोकून घेतलंय. मार्तला भलतंच आवडलंय ते.

आभाळाचं तू विचारलंस. इंद्रेक, तू जो आकडा लिहिशील, त्यावर मी माझी पोरं घेऊन येणार आहे. याहून जास्त लिहीत नाही.

बाबांचे पाय चोळत जा. दोघे जपून असा, म्हणजे मला इथे शिवण सुचेल.

तुझी,
मेरिके


व्होर्म्सी बेट,
१७ फेब्रुवारी १९९६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मिळेल तेव्हा ती गेलेली असेल.

सकाळी जुन्या वाटेवर तीन ठिकाणी भोकं पाडली. एंडेलकाका घसरगाडीवरून उतरलेच नाहीत. गुडघे धरलेत म्हणाले, आणि पाठ करून पाइप ओढत बसले. तिन्ही भोकांत एकोणीस. चौथं पाडलं. त्यातही एकोणीस. पेन्सिल हातात घेऊन किती वेळ उभा होतो कोण जाणे. एकोणीस लिहिलं.

दुकानातून तुला रस्ता बंद एवढंच कळवायला फोन केला, तर तू न बोलता तो तिच्या हातात दिलास. ताई, हा कुठला न्याय? माझ्या मागे अर्धं गाव उभं होतं. तिने विचारलं, किती भरलं. मी सांगितलं, एकोणीस. मग म्हणाली, जन्मात पहिल्यांदा तू उडी मारण्याआधी मोजलंस. तेवढ्यावर फोन ठेवला गेला. आधी कोणी ठेवला, ते मला सांगता यायचं नाही. मागे वळलो तर सगळे एकदम पाव निवडायला लागले.

जेवताना बाबांनी आकडा विचारला. सांगितला. त्यांनी अर्धा मासा माझ्या ताटात सारला आणि म्हणाले, उद्या रविवार, भोकं पाडायला जाऊ नकोस, पडून राहा.

पडून कसा राहू? सातला तिचं जहाज सुटतं.

सोमवारपासून थंडी वाढणार म्हणतात. रस्ता उघडला की तुम्ही तिघं या. तोवर तुझा लोभ इकडच्या काठाला लागू दे.

तुझा,
इंद्रेक