सतरा मंजूर वाक्यं

प्रिय ताई,

काल तुझे तीन फोन येऊन गेले आणि मी एकही उचलला नाही. रागावू नकोस. फोनवर तू बोलायला लागलीस की मी नुसते हुंकार भरत बसतो आणि सांगायचं ते घशातच राहतं. म्हणून आज सकाळी चहा झाल्यावर कागद घेऊन बसलोय. शाळेत माझे निबंध तूच लिहून द्यायचीस, त्यामुळे हे पत्र वेडंवाकडं झालं तर निम्मा दोष तुझ्याकडे जातो. आपली भिंगरी जाऊन दोन महिने झाले. तेवढ्या काळात तू शिवणाचं दुकान बंद ठेवून, दारोदार फिरून अर्जावर चार हजार सह्या गोळा केल्यास. गुरुवारी अपघाताच्या चौकशी समितीपुढे सुनावणी आहे आणि मी तुझ्या शेजारी बसावं असं तुझं म्हणणं आहे. ज्या नियमाने आपल्या पोरीचा जीव घेतला तो रद्द व्हावा, एवढंच तुला आता हवंय. त्या नियमाबद्दल माझ्या भावाला विचारा, त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, असं तू भेटेल त्याला सांगतेस.

तो नियम मी तुला एकदा तुझ्या स्वयंपाकघरात बसून समजावला होता. तेव्हा तू नळ चालू ठेवून पाठमोरी उभी होतीस, किती कानावर पडलं कोण जाणे. म्हणून पुन्हा सांगतो. गेल्या वर्षापर्यंत शर्यत चालू असताना आम्ही इंजिनियर लोक ड्रायव्हरच्या कानात अखंड बडबडत असू. ब्रेक कुठे दाब, कुठलं बटण फिरव, मागचा किती जवळ आलाय, सगळं. मग प्रेक्षक कुरकुर करायला लागले की गाडी हा चालवतो की भिंतीआड बसलेले मास्तर चालवतात. त्यावर शर्यती भरवणाऱ्या महासंघाने यंदा ठरवलं, ड्रायव्हरने एकट्याने चालवायची. रेडिओवर बोलायला सतरा वाक्यं मंजूर झाली. पुढे अपघात आहे, पाऊस येतोय, पिवळा झेंडा आहे, आत ये, अशी. ड्रायव्हर काही म्हणाला तर पोच म्हणून ‘ऐकलं’ म्हणायचं. गाडीच्या तब्येतीबद्दल एक अक्षर काढायचं नाही, काढलं तर सेकंदांचा दंड. तो कागद मी माझ्या स्क्रीनशेजारी भिंतीवर चिकटवला होता. भिंगरी तो वाचून इतकी हसली की काय सांगू. बरं झालं, मामाची कटकट एकदाची संपली म्हणाली.

खरं तर आम्हा दोघांना तो नियम जड जाणारच नव्हता. ती नऊ वर्षांची असताना तू तो शर्यतीचा ढगळ सूट बाह्या कापून तिच्या मापाचा केला होतास, आठवतं? छोट्या गाड्यांच्या त्या पहिल्या शर्यतीत मी कानात बोललो की ती दचकायची आणि वळण चुकायची. दोनदा गवतात गेली. तेव्हा मी तिला गुडघ्याशी उभं करून सांगितलं की आता मी उगाच बोलणार नाही. काही बिघडलं तरच बोलेन. मी गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे, बिनधास्त दाब. चौदा वर्षं आम्ही तसंच काम केलं. दुसऱ्या इंजिनियरांना आमच्या रेडिओची गंमत वाटायची, कारण सबंध शर्यतीत आमचं बोलणं चार-पाच वाक्यांपलीकडे जायचं नाही. आमच्या संघाचे साहेब तर म्हणायचे, यांचं भांडण झालंय की काय. तिला मात्र सवय लागली होती. माझ्या गप्प राहण्यावर ती निवांत असायची.

संघाच्या कारखान्यात आता माझ्याकडे काही काम नाही. साहेबांनी मला कागदपत्रांच्या खोलीत बसवलंय, आराम कर म्हणाले. तिची गाडी, म्हणजे जे उरलंय ते, मागच्या गाळ्यात ताडपत्रीखाली आहे आणि वर समितीचं सील. जेवायच्या सुट्टीत मी तिथून जायचं टाळतो, पण जिना तिथूनच आहे. चाकं बदलणारा जाड्या पूर्वी मला बघितलं की काहीतरी टोमणा मारायचा. आता दार धरून उभा राहतो आणि मी गेलो की मग निघतो. माणसं माझ्याशी फार मऊ वागतात, ताई. ते मला सहन होत नाही.

त्या दिवशी हॉस्पिटलात दाजी भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि तू सरळ येऊन मला मिठी मारलीस. तुझं पहिलं वाक्य होतं, त्यांनी तुला बोलू दिलं असतं तर तू तिला सांगितलं असतंस रे. मी मान हलवली. बाहेर साहेब पत्रकारांना सांगतच होते की आमच्या स्क्रीनवर ब्रेकची झीज दिसत होती, पण नियमामुळे आमचे हात बांधलेले होते. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत तेच आलं. दाजींनी मला विचारलं, खरं का? मी हो म्हणालो. त्यानंतर ज्याने ज्याने विचारलं त्याला हो म्हणत गेलो. चौथ्या-पाचव्या वेळेपासून तर जीभही अडखळेना.

आता शर्यतीचं ऐक. बावन्न फेऱ्या होत्या. एकेचाळिसाव्या फेरीला डाव्या पुढच्या चाकाच्या ब्रेकची चकती स्क्रीनवर पिवळी झाली. म्हणजे झिजत आलीय, पण अजून मोडणार नाही. भिंगरी तिसरी होती. पहिल्या तिघांत येण्याची तिची ही पहिलीच वेळ, हे तुला सांगायला नको, तू प्रेक्षकांत उभी राहून घसा बसवून घेतला होतास. मी कागदावर हिशेब मांडला. दर फेरीला किती झिजतेय, किती उरलीय. उत्तर आलं चोपन्न. चोपन्न फेऱ्या टिकेल, शर्यत बावन्नची. मी तो हिशेब तीनदा केला आणि तिन्ही वेळा चोपन्नच आलं. हिशेब बरोबरच होता गं, पण तो आधीच्या फेऱ्यांवरून केलेला. पंचेचाळिसाव्या फेरीपासून चौथा तिच्या मागे चिकटला आणि ती त्याला रोखायला ब्रेक उशिरा आणि जोरात मारायला लागली. असं झालं की चकती दुप्पट वेगाने जाते. हे मला ठाऊक होतं. नव्याने हिशेब करायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मी पेन्सिल उचललीच नाही. उत्तर काय येईल ते मला नको होतं.

सत्तेचाळिसाव्या फेरीला चकती लाल झाली, म्हणजे आता केव्हाही मोडेल. साहेब माझ्यामागे येऊन उभे राहिले, स्क्रीन पाहिला आणि म्हणाले, तुझी गाडी, तुझा निर्णय. एवढं बोलून गेले. मी भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं. आता नीट वाच, ताई, कारण हे मी तुला त्या दिवशी स्वयंपाकघरात सांगितलं नव्हतं. त्या सतरा वाक्यांत ‘आत ये’ आहे. वर लिहिलंच आहे मी, तू कदाचित वाचून पुढे गेली असशील, सगळेच जातात. ते वाक्य केव्हाही म्हणता येतं. कारण द्यावं लागत नाही, दंड नाही, काही नाही. ड्रायव्हरने ट्रॅक सोडून गाडी आत आमच्याकडे घ्यायची, बस. फक्त बिघाडासाठी आत आलेली गाडी तपासणीत जाते आणि तिची शर्यत तिथेच संपते. नियमाने माझं तोंड बांधलं नव्हतं. दोन शब्द मोकळे ठेवले होते, नेमके अशाच वेळेसाठी.

मी ते म्हणालो नाही. का, ते सांगायला आठ आठवडे शब्द शोधतोय आणि जे सापडतात ते सगळे लाजिरवाणे आहेत. तिसरा नंबर तिला हवा होता हे खरं, पण मलाही हवा होता. वीस वर्षं मी या धंद्यात आहे आणि माझ्या एकाही ड्रायव्हरने बक्षिसाची पायरी चढलेली नाही. माझ्या मागून आलेली पोरं मोठ्या संघांत गेली. त्या दिवशी पाच फेऱ्या उरल्या होत्या, माझी भाची तिसरी होती आणि माझ्या हातात चोपन्नचा कागद होता. मला वाटलं निघून जाईल. वाटलं म्हणजे मी तसं वाटून घेतलं. वर नियमाचा आडोसा होताच. उद्या काही झालं तर मी काय करणार, मला बोलायची परवानगीच नव्हती, हा विचार माझ्या डोक्यात अपघाताच्या आधी आला होता, ताई. नंतर नाही. आधी.

रेडिओवरचं सगळं बोलणं रेकॉर्ड होतं. समितीने ते मागवून घेतलंय आणि गुरुवारी भर खोलीत वाजवणार आहेत. काल मी समितीला लेखी जबाब देऊन आलो, तुला लिहिलंय तेच सगळं, माझ्या सहीने. साहेबांना अजून माहीत नाही. तुझा अर्ज माझ्या खोट्यावर उभा आहे. तू उठून म्हणशील की माझ्या भावाला त्यांनी बोलू दिलं नाही, आणि पुढच्या मिनिटाला ते रेकॉर्डिंग लावतील. ते तुला परक्या माणसांमध्ये बसून कळू नये, म्हणून हे पत्र. मी शेजारी बसायचं की नाही ते तू ठरव, नको म्हणालीस तर मी मागच्या रांगेत बसेन, पण येणार. आणि रेकॉर्डिंग लागायच्या आधी तुला बाहेर जायचं असेल तर जा, दाजींनाही ने. थांबलीस तर काय ऐकू येईल ते आत्ताच सांगून ठेवतो. अठ्ठेचाळिसाव्या फेरीला ती विचारते, मामा, ब्रेकचं पेडल खोल जातंय, येऊ का आत? आवाज अजिबात घाबरलेला नाही, नेहमीसारखाच आहे. मग थोडा वेळ नुसती खरखर आहे, सहा सेकंद, मी मोजलीत. मग मी म्हणतो, ‘ऐकलं’. आणि ती म्हणते, बरं मामा. पुढे टेपवर काही नाही.

तुझाच, अजून तसं म्हणू देत असशील तर,
छोट्या