हिरव्या गोलातले रविराजशेठ

तीर्थस्वरूप उत्तरामावशीस,

देवव्रतचा नाशिकहून वाकून नमस्कार. तुझी साखर ताब्यात असेल आणि काका गुडघ्याला पट्टा बांधून का होईना, सटाण्याच्या बाजारापर्यंत जात असतील, अशी आशा आहे. पत्र पाहून घाबरू नकोस. फोनवरच लिहिलं असतं, पण तुला आलेले निरोप काका मोठ्याने वाचतात आणि काकांनी वाचलेलं संध्याकाळपर्यंत तुझ्या दिरांच्या घरी पोचतं. विषय नेमका त्यांच्याच मुलीचा आहे. मावशी, मला वल्लरीचा हेवा वाटतो. आधीच लिहून टाकलं, म्हणजे पुढचं तुला नीट समजेल.

गेल्या वर्षी तूच तिला माझ्याकडे पाठवलंस, तुझ्या कंपनीत चिकटव आणि चार गोष्टी शिकव म्हणून. मी शिकवल्या. (चारवरच थांबायला हवं होतं.) आमची कंपनी दुकानांना बिलं आणि माल सांभाळायचं सॉफ्टवेअर विकते. विकल्यावर दुकानदार खूश आहे की सोडून जायच्या बेतात आहे, यावर लक्ष ठेवायचं काम आमच्या खात्याकडे. त्याला कस्टमर सक्सेस म्हणतात. त्यासाठी आमच्याकडे वेगळं सॉफ्टवेअर आहे आणि त्यात आपल्याला हवा तसा डॅशबोर्ड बनवता येतो, म्हणजे सगळ्या दुकानांची तब्येत एका पडद्यावर दिसते. हिरवा गोल म्हणजे गिऱ्हाईक ठणठणीत, लाल म्हणजे निघालं.

दिवाळीनंतर आमच्या चैताली मॅडमनी मला आणि वल्लरीला आपापला डॅशबोर्ड करून आणायला सांगितलं. ज्याचा चांगला, तो सगळं खातं वापरणार. मी माझ्यात काय घातलं नाही ते विचार. गाडीच्या मीटरसारखे काटे, भाकरीसारखे कापलेले गोल, वर-खाली होणारे रंगीत खांब. दुकानात आमचं सॉफ्टवेअर दिवसातून किती वेळा उघडलं जातं, त्यावर माझं हिरवं-लाल ठरायचं. (दाखवायच्या दिवशी तो पडदा उघडेपर्यंत मॅडम चहा पिऊन आल्या, ही गोष्ट वेगळी.) वल्लरीच्या पडद्यावर नुसती दुकानांची नावं. प्रत्येक नावापुढे शेवटचं बोलणं कधी झालं, कुठली तक्रार अडकली आहे आणि दुकानदार आपला हिशेब आमच्या सॉफ्टवेअरमधून बाहेर उतरवून घेतोय का, एवढंच. इतका ओकाबोका पडदा की मला तिची दया आली. आणि मॅडम म्हणाल्या, “वा, वल्लरी!” मावशी, मी तिथे कितीतरी वर्षं घासतो आहे. मला ‘ठीक’ मिळतं. ‘वा’ अजून मिळालेला नाही.

त्यात येवल्याचे रविराजशेठ मध्ये आले. त्यांचं पैठण्यांचं मोठं दुकान, आमचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक, आणि त्यांचा करार संपत आलेला. ते माझ्या पडद्यावर हिरवेगार, तिच्या पडद्यावर लालभडक. दादा, एकदा फोन तरी करू या, असं ती सगळ्यांसमोर म्हणाली. (ऑफिसातही दादाच म्हणते, त्यामुळे धड रागावताही येत नाही.) मी म्हटलं, फोन कशाला, मी स्वतः जातो आणि ते किती खूश आहेत हे त्यांच्याच तोंडून ऐकून येतो. इस्त्रीचा शर्ट घातला आणि इथल्या द्वारका चौकातून येवल्याची एसटी धरली.

शेठ एका नवरीच्या आईला पैठण्या उलगडून दाखवत होते. मला गादीवर बसवलं, पाणी दिलं. मी लॅपटॉप उघडून मोठ्या हौसेने त्यांचा हिरवा गोल त्यांच्याकडे वळवला आणि सांगितलं, की सगळ्या जिल्ह्यात आमचं सॉफ्टवेअर सर्वांत जास्त वेळा तुमच्याकडे उघडलं जातं. शेठनी हातातली पैठणी घडी घालून बाजूला ठेवली. मग शांतपणे म्हणाले, “उघडावंच लागतं ना साहेब. दर बिलाला ते बंद पडतं.”

नवरीची आई पदरात तोंड घालून हसली. नवा प्रिंटर आणल्यापासून बिल छापायला दिलं की पडदा गोठतो आणि पोरं तो बंद करून पुन्हा उघडतात, असं शेठनी सांगितलं. तक्रारही केली होती. (ती माझ्या एका भाकरीच्या मागे दडली होती.) पलीकडे त्यांचा माणूस आमच्यातला सगळा हिशेब दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरत बसला होता. “तुमच्या पडद्यावर मी लय खूश दिसतो,” शेठ म्हणाले, “पण मला कोणी विचारलं नाय.”

मी दुकानाच्या पायरीवर येऊन वल्लरीला फोन लावला. ती हसली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. ती हसली नाही. तक्रार तिने आधीच प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या मागे लागून सोडवून घेतली होती, फक्त ती दुरुस्ती शेठच्या यंत्रावर चढवायची राहिली होती. तिने फोन शेठना द्यायला सांगितला. शेठशी तुझ्या लग्नातल्या पैठणीच्या काठाबद्दल बोलत बोलत तिने नाशिकला बसूनच त्यांच्या यंत्रावरचं काम उरकलंसुद्धा. नवरीच्या आईचं बिल सरळ छापून आलं. शेठनी आपल्या माणसाला थांबवलं, करार पुढे चालू ठेवतो म्हणाले आणि फोन मला परत देताना हळूच सांगितलं, की पुढच्या वेळी ताईंनाच पाठवा.

परतीच्या एसटीत मी यातलं निम्मं श्रेय आपल्याकडे कसं वळवायचं याची जुळवाजुळव करत होतो. ऑफिसात पोचलो तर मॅडमनी माझ्या पाठीवर थाप मारली. “दादा स्वतः गेला म्हणून वाचलं,” असं वल्लरीने त्यांना आधीच सांगून टाकलं होतं. आता सांग, अशा मुलीचा हेवा तरी माणसाने धड कसा करायचा? सगळं खातं हल्ली तिचा डॅशबोर्ड वापरतं. माझा पाहुणे आले की दाखवतात, दिसायला चांगला आहे म्हणून.

काकांना नमस्कार सांग, आणि हे पत्र त्यांच्या चष्म्यापासून लांब ठेव.

तुझा,
देवव्रत

ता. क. पत्राचं खरं कारण राहूनच गेलं. वल्लरीला पुण्याच्या एका कंपनीने बोलावलं आहे. ती गेली की खात्यात मी एकटाच वरचढ, म्हणजे वर्षभर मला जे हवं होतं तेच. तरी तू दिरांच्या कानावर घालून तिला अडव. पुण्यातली गर्दी, तिथली भाडी, काय वाटेल ते सांग. दुपारचा डबा एकट्याने खायची माझी सवय गेली आहे.

आणखी एक ता. क. थांब, कुणाला काही सांगू नकोस. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात ती टेबलाशी आली. पुण्याच्या लोकांना तिने माझंही नाव दिलं आहे आणि त्यांनी दोघांना एकाच दिवशी मुलाखतीला बोलावलं आहे. तेव्हा जाऊ दे तिला. फक्त तुझ्या शब्दांत तिला एवढं पटव, की मुलाखतीला आत आधी मला जाऊ दे.