शूटिंगच्या जीपमधला मुराळी

माळवाडी, ता. ५-१०-९८

ती. सौ. हौसाआत्तीस,
सर्जेरावाचा शि. सा. न. वि. वि. (वि दोनदा का ते मला ठाऊक न्हाई. बापू म्हणाला लिहायचं असतं, लिहिलं.)

आत्ती, पैलं कबूल करतो, मग शिव्या घाल. परवा तुझ्या दारात जीप घेऊन आलेल्या ज्या ड्रायव्हरला तू झाडू दाखवलास, तो शौकत माझ्यामुळं तिथवर पोचला. पण निम्माच माझ्यामुळं. उरलेलं निम्मं आबाचं हाय, आणि तेच सांगायला बसलोय.

गावात पिच्चरचं शूटिंग आलंय. मराठी पिच्चर, नाव ‘मावळतीची फांदी’. गोष्ट एका म्हाताऱ्याची, ज्याला काय बी आठवत न्हाई. डायरेक्टर पुण्याचा, निखिलेश. दाढी, झोळी, आणि बोलता बोलता डोळं मिटतो. मला आधी वाटलं, झोप लागली. संकपाळांचा म्हातारा, म्हणजे आपला आबा, खराच विसरतोय असं कुणीतरी त्याच्या कानात घातलं, आणि सगळी वरात आपल्या सोप्यात. आता आबाला आमची नावं लागत न्हाईत हे तुला तुझ्या भावानं, बापूनं कळवलंच असंल. मला शिरपा म्हणतो. शिरपा आपला बैल होता. मी आपला ओ देतो.

म्हाताऱ्याचं काम करणारा हिरो प्रभंजन, वय चाळीस, डोक्यावर पांढरा टोप. तो म्हणं दिवसभर कामातच ऱ्हातो. टोप चढला की त्याला आबा म्हणायचं, तो सांगंल ते करायचं, उलट इचारायचं न्हाई, असा डायरेक्टरनं समद्यांना दम भरलाय. मग काय, हा गडी दोन ताटं मटण हाणतो आणि मगाशी जेवलो ते आठवत न्हाई म्हणतो. रोज येऊन आबाला बघत बसायचा. आबानं ओठ हलवला की ह्यानं हलवायचा, आबानं कान खाजवला की ह्यानं खाजवायचा. शेवटी आबा बापूला म्हणाला, ह्या पोराला फिट येतीया, कांदा हुंगवा.

वर डायरेक्टर म्हणतो कसा, तुमच्या आजोबांचा आजार पडद्यावर शोभणार न्हाई. विसरलेल्या माणसानं मावळतीकडं बघत बसाय पायजे, डोळ्यांत पोकळी पायजे. आपला आबा मावळतीला तंबाखूची चंची शोधतो, आणि सापडली न्हाई की शिव्या पार येशीपतुर ऐकाय येतात. डायरेक्टर म्हणाला, हे घरच्यांसोबत बघण्यासारखं न्हाई. आम्ही घरचीच की रं!

मला आली चीड. हिरोचा जादा कोट-धोतर उचललं, आबाला चढवलं आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच्या खुर्चीत बसवलं. एकाला कळलं असंल तर शप्पथ. रंगवणाऱ्यानं आबाच्या गालावर पावडर मारली आणि म्हणाला, आज सुरकुत्या झकास उमटल्यात. मी कडब्यामागं लोळून हसत हुतो.

आत्ती, तेवढाच माझा गुन्हा. म्होरलं मी केलेलं न्हाई. आबानं शौकतला हाक मारली आणि दरडावला, दिवाळी तोंडावर आली आणि पोरगी अजून सासरीच? निपाणीला जा, तंबाखूच्या वखारीमागं मगदुमांच्यात हौसा हाय, बापानं मूळ धाडलंय म्हणून सांग आणि घेऊन ये. आणि कपड्याच्या पेटीतला जरीचा फेटा काढून त्याच्या हातात दिला. म्हणाला, ह्यो जावयाला, मागं ऱ्हाऊन गेलाय. शौकत मुंबईचा, नवा. टोपवाला आबा बोलला म्हणजे हुकूम. मारली किल्ली.

तायडीच्या लग्नात तुझ्या मालकांना, मामांना मानाचा फेटा बांधायचा ऱ्हायला, तू ताटावरनं उठलीस, बाप मला न्यायाला मुराळी धाडंल तवाच उंबरा शिवीन म्हणालीस, आणि आबा म्हणाला रस्ता तिला ठाऊक हाय. हे मी तुला काय सांगू, सगळ्या तालुक्याला पाठ हाय. पण आता त्यानं धाडलंय. ये की गं.

मामांना नमस्कार. राग उतरला तर लोभ असू दे.
तुझा,
सर्जा


निपाणी, ता. ९-१०-९८

चि. सर्जेरावास,
हौसाआत्तीचे आशीर्वाद, मोजूनमापून.

पत्र पोचलं. तुझ्यावर विश्वास ठेवायचा म्हणजे मांजराला दुधाची राखण द्यायची. मागल्या शिमग्याला ‘म्हैस सीरियस, लवकर निघा’ अशी तार तूच केली होतीस ना? तुझे मामा रजा टाकून कोल्हापुरापर्यंत गेले होते, म्हशीसाठी डझनभर केळी घेऊन.

त्या शौकतनं फेटा पुढं केला आणि माझ्या डोक्यात तिडीकच गेली. म्हटलं, कार्ट्यानं नेमकं दुखतंय तिथंच बोट घातलं. म्हणून झाडू. गल्लीतल्या बाया अजून विचारतात, हौसाबाई, कुठल्या पिच्चरवाल्यानं मागणी घातली म्हणून.

तुझे मामा म्हणतात, जाऊया की, फेटा मला पाहिजेच कुठं होता. त्यांचं काय, त्यांना कुणी गोणपाट गुंडाळलं तरी छान दिसतंय म्हणतील. मान गेला तो माझा. आणि मला एक सांग, ज्याला घरातल्या पोराचं नाव लागत नाही, त्याला माझी वखार आठवते, फेटा आठवतो? खोटं बोलायचं तर जरा बेतानं बोलावं. माझ्या बापाची मान मोडेल पण वाकायची नाही. त्यानं मूळ धाडलेलं नाही आणि मी येणार नाही.

त्याला अंघोळ कोण घालतं? पाणी कढत लागतं त्याला, वहिनी कोमट घालत असेल तर सांग तिला. भात मऊ करा. सोबत तंबाखूची पुडी धाडली आहे, आमच्या वखारीतली. माझं नाव त्याच्यापुढं काढू नकोस.

लोभ आहे, पण उधळायला नाही.
हौसाआत्ती


माळवाडी, ता. १२-१०-९८

ती. सौ. हौसाआत्तीस,
शि. सा. न. (वि. वि. ला येळ न्हाई.)

जोतिबाची आण घेणार हुतो, पण माझ्या आणंचा भाव तुला ठाऊक हाय. तवा नुसतं काय झालं ते सांगतो. पुडी आबाच्या हातात दिली, तोंडातनं चकार शब्द काढला न्हाई. आबानं हुंगली आणि दाराकडं बघून म्हणाला, हौसा आली व्हय?

रोज सकाळी जीपपाशी जाऊन शौकतला इचारतो, पोरगी कुठाय? शौकत बिचारा खरं बोलतो, तिनं झाडू दाखवला. त्यावर आबा खूश. म्हणतो, मग घर बराबर गावलं तुला. दुसऱ्या कुणाच्यात गेला असतास तर च्या मिळाला असता.

आता हसू नको. पिच्चरमधी म्हाताऱ्याच्या लेकीचं काम करणारी एक अन्विता हाय. गोरीपान, गोड बोलती, बोट वर केलं की रडती. ती आबाचा हात धरून बसती, सराव म्हणून. परवापासनं आबा तिला हौसा म्हणाय लागलाय. डायरेक्टर डोळं मिटून डुलतोय. पण डाक्टर बापूला म्हणाला, एकेक नाव गळत जाणार, गेलेलं परत येत न्हाई. तुझं नाव अजून हाय आत्ती. पण त्याला तोंड दुसरीचं चिकटाय लागलंय.

काल आबानं मला बोलावलं, म्हणाला, त्या जीपवाल्याच्यानं हुईत न्हाई, शिरपा, तू जा. बैल का असंना, मुराळी हाय मी आता. बेस्तरवारी सकाळच्या एस्टीनं येतो. पिशवी भरून ठेव.

झाडू हाताशी ठेव, पण ये.
सर्जा


निपाणी, ता. २६-१०-९८

चि. सर्जेरावास,
हौसाआत्तीचे अनेक आशीर्वाद, यावेळी सैल हातानं.

आम्ही सुखरूप पोचलो. त्या दिवशी तू बाहेर गर्दी हाकलत होतास, आत काय झालं ते तुला धड कळलं नसेल. तू गावभर मीठ-मसाला लावून सांगण्याआधी मीच लिहिते.

आबा बाजेवर, शेजारी ती पोरगी, आणि कोपऱ्यात तुझा दाढीवाला. मी पाया पडले. एवढासा झालाय रे तो. मला रडू आवरेना. आबानं माझ्याकडं नीट बघितलं, मग त्या पोरीला विचारलं, ही कोण? ती बिचारी लाजली, म्हणाली, आबा, हीच हौसा. तर आबा मला म्हणतो, बाई, काम बरं करतीस, पण जमलं न्हाई. आमची हौसा रडत न्हाई.

सर्जा, एवढ्या वर्षांचं सगळं उसळून आलं बघ. म्हटलं, रडत नाही काय? तुमच्यापायी रडून रडून डोळ्यांच्या खाचा झाल्या! जावयाचा फेटा राहिला तो राहिला, वर तोंड करून सांगता रस्ता ठाऊक हाय? मूळ धाडलं तेही कुणाबरोबर, तर पिच्चरच्या जीपवाल्याबरोबर! लाज हाय का जरा? अशी तोंड सुटले की तुझी आई भाकरी तव्यावर टाकून पळत आली.

आणि आबा हसायला लागला. भिंतीला टेकून, पोट धरून. म्हणाला, च्या टाका, आता आली खरी. त्या पोरीचा हात सोडला आणि तिला म्हणाला, तू ऊठ आता, मालकीण आली.

तुझा डायरेक्टर काय म्हणाला ऐकलंस? आजारी बापावर लेक खेकसते हे पिच्चरमध्ये चालायचं नाही, लोकांना पटणार नाही म्हणे. मी म्हटलं, तुम्हाला सासर-माहेर दोन्ही नाही वाटतं.

मामांचा फेटा आबानं स्वतः बांधला, त्याचा पार भोपळा झाला. पण मामांनी तो निपाणीपर्यंत उतरवला नाही. एस्टीतले लोक नवरी कुठली म्हणून माझ्याकडं बघत होते.

आता मी निवांत आहे. बापानं मूळ धाडलं, मी गेले, त्यानं मला ओळखलं. फिटलं सगळं. झोपही लागते.

मुराळ्याचा मान म्हणून सदऱ्याचं कापड धाडते. लोभ भरपूर.
हौसाआत्ती


माळवाडी, ता. २-११-९८

ती. सौ. हौसाआत्तीस,
शि. सा. न. वि. वि.

कापड पोचलं. हे पत्र मात्र मी गोठ्यात बसून लिहितोय, कारण तुला हे कळवायचं न्हाई असं बापूनं बजावलंय.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी आबा उठला आणि म्हणाला, दिवाळी तोंडावर आली, हौसाला मूळ कोण धाडणार? आम्ही म्हटलं, आबा, ती येऊन गेली, च्या प्याली, भांडली, मामांना तू फेटा बांधलास. लई भडकला. म्हणाला, सगळी मिळून म्हाताऱ्याला फसवता. काठी फेकून मारली. दोन दिवस तसंच. आता आम्ही काय बी सांगत न्हाई.

काल पायरीवर बसून एकटाच बोलत हुता. म्हणाला, पोरगी रुसलीया, तिचं बरुबर हाय, चूक माझीच, फेटा मीच इसरलो. आत्ती, तुझ्या तोंडावर त्यानं हे कधी म्हटलंय का? तू समोर आलीस तर निस्ता हसला. चूक कबूल करतो ती तू नसताना. असला खवीस बाप तुलाच मिळायचा.

बापू म्हणतो, हौसा तिकडं निवांत झोपतीया, तिला झोपू दे, कळलं तर काळीज फाटंल. आईनं पदर लावला डोळ्याला. पिच्चरवाले गेले, ती अन्विता बी गेली, जीपची जागा मोकळी हाय आणि आबा तिथंच जाऊन बसतो. मला बापूचं पटत न्हाई. तुझी झोप मोडली तर मोडू दे.

मी रविवारी येतोय, मूळ घेऊन. तू ह्या खेपेला रडत बसू नको, येशीतनंच तोंड सोडून ये, म्हणजे त्याला लगीच कळंल. फेटा पिशवीत घाल. तो परत बांधंल, परत भोपळा हुईल, आणि महिन्यानं परत सांगावा धाडंल. मी परत येईन. एस्टीची मला सवय झालीया.

मामांना म्हण, आबानं मूळ धाडलंय. ते तर खरंच हाय. बाकी त्याला तुझं येणं आठवत न्हाई, हे मी तुला लिहिलंय, हे मातर आत्ती, तुझ्या पाया पडतो, बापूला न्हाई, आईला न्हाई, मामांना न्हाई, कुणाला म्हणजे कुणालाच सांगू नको.

तुझा,
शिरपा