वजा दोन

३ नोव्हेंबर

यंत्राने शून्य दाखवलं म्हणजे तक्रार झालीच नाही, हे मी कुणाच्या भरवशावर सांगितलं? खरंच सांगता येत नाही.

काल मदत केंद्रात तळघरातली बाई आली — खोली -२/७. कानातून रक्त. ‘याआधी दोनदा लिहून दिलंय गं!’ मी पत्ता टाकून शोधलं. शून्य. ‘पहिलीच तक्रार’ असा शिक्का मारला. पहिलीला समज, तिसरीला अटक — असा नियम. चौकीने नवऱ्याला समज देऊन सोडलं. आज सकाळी त्याने तिचं डोकं चौकटीवर आपटलं. पुन्हा पुन्हा. जबडा तुटला. एक डोळा गेला.

४ नोव्हेंबर

सापडलं! शोधताना यंत्र वजा चिन्हाचा अर्थ ‘पुढचं वगळ’ असा घेतं. -२ मागितलं की नेमक्या त्याच नोंदी बाजूला सारतं. चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ दिली — \-२ — तरच ते नुसतं चिन्ह राहतं. आणि वजाचे नंबर फक्त तळघरांना! तिथली एकही बाई आजवर कुणाला सापडलेली नाही.

केंद्राच्या मोठ्या बाई म्हणाल्या, ‘एका रेघेसाठी केवढं आकांडतांडव!’

‘बाई, त्या रेघेपायी डोळा गेलाय.’

खुर्ची ओढून त्यांनी पडद्यावरची नोंद वाचली. मग — ‘घाल. सगळ्या पत्त्यांना घाल.’

५ नोव्हेंबर

नवऱ्याला उचललं. जाताना हवालदाराच्या हाताचा लचका तोडला म्हणे. तिला बोलता येत नाही. कागदावर लिहून विचारलं, ‘आता सापडते का मी?’

७ नोव्हेंबर

दादाकडे जेवायला. माझ्या कॉलेजपायी त्याने वरची खोली सोडून तळघर धरलं. ‘या साहेब! घराण्यातल्या पहिल्या पदवीधर!’ वहिनीच्या मनगटाला पट्टी. ‘कपाटाचं दार लागलं, वन्सं.’ दादा हसला — ‘वेंधळी आहे नुसती!’

ती हसली नाही.

८ नोव्हेंबर

तळघरांचे पत्ते एकेक करून पुन्हा शोधतेय. -१/६ — दादाची खोली — तेवढी सोडून पुढे गेले. उद्या बघू.

९ नोव्हेंबर

चार तक्रारी. वहिनीची सही. पहिली, माझ्या पदवीदानाच्या दिवसाची — ‘पाठीवर उकळतं पाणी ओतलं.’ चारही कागदांवर शिक्का — ‘पहिलीच तक्रार.’ चौथी मी इथे नोकरीला लागायच्या आदल्या आठवड्यातली. त्यानंतर ती आलीच नाही.

चारही छापून चौकीत मीच देऊन आले. दादाला नेलं तेव्हा मी वहिनीची बॅग धरून जिन्यात उभी होते.