दीपाच्या वाट्याचा कापूस

आयुष्मती उर्वशी,
सप्रेम जयभीम.

मुलींना हॉकी शिकवणारी तालुक्यातली पहिली स्त्री तू, माझी पुतणी. परंतु यंदा कापसाला भाव नाही, मजूर परवडत नाहीत, म्हणून मथुराबाई आपल्या लेकीला, तुझी गोलकीपर दीपा हिला, वणीच्या स्पर्धेऐवजी वेचणीला धाडणार होत्या. बुद्धवंदना आटोपताच मी विहारातच म्हणालो, "तिच्या वाट्याचा कापूस मी वेचतो."

आज वावरात माझा संथ हात पाहून मथुराबाई हसल्या, "भाऊजी, कापूस वेचून राह्यले का गाथा म्हणून राह्यले?"

सायंकाळी फोनवर तू ओरडलीस, "जिंकलो! उद्या फायनल! मोठेबाबा, थकले तर नाही ना जी?"

"छे!" म्हणालो. असत्य न बोलण्याचे शील गावाला शिकवणारा मी, कमरेला शेक घेत ते मोडून बसलो. सत्य येथे लिहिले. परंतु पहाटेच्या एसटीने हे पत्र धाडणार नाही. वाचशील, तर दीपाला परत पाठवशील.

निवांत खेळा. उद्या मी मथुराबाईंच्या आधी वावरात पोहोचतो.

तुझा मोठेबाबा,
भीमराज