गुलाबी बॉल आणि सिग्रिडची बाही

मंगळ. ४ मार्च
वही आणून तीन आठवडे झाले. रोज उद्यापासून. आज बसलो तेसुद्धा टेबलांना ब्रश मारायचा कंटाळा म्हणून.
क्लेटनच्या या स्नूकर क्लबात कामाला लागून पाचवा महिना. युनिव्हर्सिटीतही एवढा टिकलो नव्हतो. कारण सिग्रिड. इथे खेळायला येते, नॉर्वेची, चाळिशीची. तिच्या गावात स्नूकरचं टेबल एकच, तेही विकलं गेलं. मग पोटासाठी पूल, म्हणजे तसाच पण वेगळ्या नियमांचा टेबलावरचा खेळ, आणि मनासाठी स्नूकर, वीस वर्षं. शनिवारची मॅच जिंकली तर वर्ल्ड चॅम्पियनशिपला एन्ट्री. हरली तर स्नूकर कायमचं बंद, म्हणते.

गुरु. ६
बाई आठवडाभर पबमध्ये पूलच खेळतेय. म्हटलं, शनिवारचं काय? "नो वरीज. हात तोच आहे." वर तिच्याकडचं तपकिरी चीज खायला दिलं. गोड! चीज गोड कसं काय... असो.

शनि. ८
रेफरी आलाच नाही, मला उभं केलं. समोर डेनिस. पोस्टातून रिटायर झालेली, कडक म्हातारी. शेवटची फ्रेम, निकालाचा डाव. सिग्रिड शॉटसाठी वाकली आणि बाहीने गुलाबी बॉल हलला. इतकासा. डेनिस पाणी पीत होती. मी सिग्रिडकडे बघत राहिलो, आता सांगेल. बॉलला कपडा लागला तरी फाउल, आणि आपला फाउल आपणच सांगायचा, सगळे सांगतात. ती शॉट मारून मोकळी. चार पॉइंटने जिंकली. फाउल धरला असता तर डेनिसला सहा, म्हणजे निकालच उलटा.
रेफरी मी होतो. तोंड का उघडलं नाही?

रवि. ९
रूममेट ओंकारला सांगितलं. "भावा, तू रेफरी होतास की फॅन?" मग म्हणाला, मिसळ करू. केली. माझी वाटी त्यानेच संपवली.

सोम. १०
दुपारी सिग्रिडला सांगून टाकलं. आधी हसली. "समोरच्याने हरकत घेतली तर बॉल जागेवर ठेवायचा. नाहीतर खेळ पुढे."
म्हटलं, ते पूलमध्ये.
चेहरा उतरला. खरंच गोंधळली होती, की... तिलाही ठरवता येईना. "बाही लागल्याचं कळलं होतं मला," एवढंच. मग, "आणि तू? तू का गप्प?"
मी ब्रश उचलला, टेबलाला मारायला लागलो.
वर्ल्डचा फॉर्म पाचच्या आत पाठवायचाय. समोर पडलाय, सही नाही. पेन मीच दिलं. का दिलं?
साडेचार. दार वाजलं. डेनिस आलीये, क्यूची, खेळायच्या काठीची, पेटी घेऊन. सोमवारी ती कधीच येत नाही. मी बोलावलेलं नाही. सिग्रिडकडे बघितलं, तीही मान हलवतेय, मी नाही बोलावलं म्हणून. वही मिटतो, सांगायचं तर आता.