बयाबाईच्या टेपा मांडवात वाजवू नयेत

मी, धर्मराज रामचंद्र म्हात्रे, वय ६८, धंदा लग्नात माईक-भोंगे लावणे (गुडघ्यांमुळे बंद), राहणार बोनकोडे गाव, कोपरखैरणे, नवी मुंबई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वतःच्या मर्जीने करत आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे. कानही अजून शाबूत आहेत, हे मी माझ्याकडून जोडतो.

१. माझी पत्नी काशी अकरा वर्षांपूर्वी वारली. माझ्या मालकीचे बोनकोड्यातील घर, तळमजल्याची रस्त्याकडची खोली वगळून, व बँकेतील शिल्लक मुलगा कुंदन यास मिळावी. त्याने माझे सगळे केले, तक्रार नाही.

२. धाकटा भाऊ सिताराम यास माझे दोन मोठे स्पीकर द्यावेत. वायर एकही देऊ नये. कारण पुढीलप्रमाणे.

बयाबाई ही आमच्या गावची धवलारीण, म्हणजे आगरी लग्नात धवले ही विधीची गाणी गाऊन लग्न लावणारी बाई. सितारामच्या मुलीच्या लग्नात ती गात असताना याने डीजे सुरू करायला लावला. बयाबाई मला एवढंच म्हणाली, "धर्मा, तुजा माईक काढून ने. मी ज्यांसाटी गातंय ती दोगं समोरच हायत." आणि माईकशिवाय गात राहिली. आधी बायका तिच्याकडे सरकल्या, मग नाचणारी मंडळी. शेवटी डीजेवाल्यानेच मशीन बंद केलं आणि चपला काढून मागे येऊन बसला. असा गळा मी दुसरा ऐकला नाही आणि आता ऐकणारही नाही.

३. लग्नाआधी ती घरी येऊन नवरा-नवरीचं नाव विचारी. "लाडाचं नको, खरं सांग. देवाला तेच कलवायचंय." इतक्या वर्षांत एक नाव चुकलं नाही. तिच्या त्रेचाळीस टेपा मी भरल्या. तिला ते पसंत नव्हतं. "मशीनला काय ठावं, समोर कोन बसलाय?" असं ती म्हणे. मी हसण्यावारी नेलं.

४. गेल्या पौषात बयाबाई गेली. वैशाखात सितारामच्या मुलाचं, दीपेशचं लग्न निघालं आणि गायला कोणीच नाही. तेव्हा हाच सिताराम म्हणाला, "दादा, तुज्याकडं टेपात बयाबाई हाय ना?" मला भरून आलं. सगळ्यांत स्वच्छ टेप काढली. तिच्यावर 'धवले, आवाज चांगला' इतकंच लिहिलं होतं. कोणाच्या लग्नातली, हे मी विसरलो होतो.

मांडवात भोंग्यातून बयाबाई गाऊ लागली आणि बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मग नावं आली. नवरा धर्मराज. नवरी काशी. ती माझ्याच लग्नातली टेप होती, मुंडावळ्या बांधून मीच बटण दाबून भरलेली. खरी नवरी उन्नती, रबाळ्याची, समोर मान खाली घालून बसलेली. तिची आई उठून म्हणाली, "आमचे पोरीचं लगीन हाय का तुमचं?" माझा हात बटणावर होता, पण ते दाबवेना. काशीचं नाव तसं पुन्हा कोण घेणार होतं? टेप संपेपर्यंत मी तसाच उभा राहिलो. ही माझी चूक आहे आणि ती जाणूनबुजून केलेली आहे.

५. सर्व टेपा, टेपरेकॉर्डर व वर वगळलेली खोली बयाबाईची नात जागृती हिला द्यावी. ती महापेला कंपनीत काम करते. तिला सगळ्या चाली येतात, शब्द मधेच सुटतात. टेपा ऐकून तिने ते भरून काढावेत आणि त्या खोलीत रविवारी चार पोरींना शिकवावं. टेपा कोणत्याही मांडवात वाजवू नयेत. कुंदन, त्या खोलीत तुला मोबाईलचं दुकान काढायचं होतं हे मला माहीत आहे. दुकानं गावात पुष्कळ आहेत. धवले फक्त जागृतीकडे आहेत, तेही अर्धे.

६. उन्नतीला मी काही ठेवत नाही, कारण ती साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देऊ नये असं वकील म्हणतात. फक्त तिची माफी मागतो. माफी मालमत्तेत धरत नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं.

वाढीव मजकूर, स्वहस्ते: वरील सर्व वाचून दाखवल्यावर उन्नती म्हणाली, "माफी र्‍हाऊ द्या, मोठे बाबा. माजं नाव तेवढं घ्यायचं र्‍हायलंय." टेपांची पिशवी घेऊन आलेली जागृती तिथेच होती. ती उठली, उन्नतीसमोर बसली, आणि वकिलांच्या खोलीत तिने धवला म्हटला. दोन ठिकाणी शब्द सुटले. नाव बरोबर घेतलं, उन्नती आणि दीपेश. उन्नती रडली, मीही रडलो. टेपरेकॉर्डर टेबलावरच होता. मी बटण दाबलं नाही.

ठिकाण: कोपरखैरणे, नवी मुंबई
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

मृत्युपत्र करणार: धर्मराज रामचंद्र म्हात्रे (सही)

आमच्यादेखत त्यांनी सही केली, म्हणून आम्ही केली:
१. डॉ. हितेश भोईर (सही)
२. उन्नती दीपेश म्हात्रे (सही)